मेड अप

पाचव्या खेपेला पास झाले.
परीक्षक म्हणाला, "दॅट्स अ पास,"
आणि पेनाला टोपण लावलं.
चारही वेळा हाच माणूस, हेच टोपण.
बर्कनहेडच्या त्या चढावर
हँडब्रेक ओढून मी बसून राहिले.
स्टिअरिंगवरून हात सुटेना.

शाळेच्या भटारखान्यात पोचले तेव्हा
दोनशे पोरांचे बटाटे उकळत होते.
मी नुसती मान हलवली.
डोरीनने झारा टाकला, किंचाळली,
"यू मस्ट बी ओव्हर द मून!"
चंद्राच्याही वरून.
बाई गं, आत्ता कुठे मला
राउंडअबाउट पार करता यायला लागलाय.

केव्ह म्हणाला, दोन शेपट्यांचा कुत्रा.
शिवी नव्हती ती.
एकीवर भागत नाही इतका हरखलेला कुत्रा.
(रात्री मी तो डोळ्यांपुढे आणून पाहिला.
शेपट्या एकमेकींना लागत असतील का?)
ट्रेसी म्हणाली, गुदगुल्या होऊन गुलाबी.
मग माझ्या रंगाकडे बघून
स्वतःच गुलाबी झाली.
आणखी कुणी, चफ्ड टु बिट्स.
तुकडे तुकडे होईपर्यंत खूष.
फुटण्यात यांना कसलं सुख?

आमच्याकडे माणूस जागचा हलत नाही.
आकाशच ठेंगणं होतं,
तेच येतं खाली वाकून.
आनंद पोटात मावत नाही
पण ठेवायचा पोटातच.
आईची सगळ्यात मोठी आरोळी: बरं झालं.
दादाला नोकरी लागली, बरं झालं.
मला मुलगा झाला, बरं झालं,
आणि लगेच आवाज खाली,
बाहेर बोलू नका एवढ्यात.
पदराखालून न्यायचं ताट ते,
शेजारणीला वास सुद्धा जाता कामा नये.

ग्लेनिस भांड्यांच्या मशीनपाशी असते.
दिवसाला चार वाक्यं बोलते,
त्यातली दोन मशीनशी.
ओले हात एप्रनला पुसत आली:
"आय'म मेड अप फॉर यू, लव्ह."

मेड अप?
बार्शीला जोगळेकर बाईंनी शिकवलं होतं,
मेड अप म्हणजे रचलेलं. थाप.
मला वाटलं, हिचा विश्वास बसला नाही.
खिशातून कागद काढून दाखवला.
तेव्हा हसली. पहिल्यांदाच दात दिसले.
नदीच्या या अंगाला मेड अप म्हणजे खूष,
आतून.
आणि फॉर यू?
मी मनात मराठी करून पाहिलं.
आपण म्हणतो, मला आनंद झाला.
मला.
तुझा तुला, माझा मला.
तुझ्यासाठी खूष आहे, असं म्हटलं
तर पुतणीला झबलं आणल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी आईला फोन.
"बरं झालं. मीठमोहऱ्या उतरव गाडीवरून."
मोहऱ्या कुठल्या इथे!
दुसऱ्या दिवशी भटारखान्यातून
मोहरीच्या पुडीचा पिवळा डबा घेतला,
मूठभर मीठ,
आणि मागच्या पार्किंगमध्ये
मुरलीधरच्या राखाडी गाडीवरून
(एल काढलेला, डिंकाचा चौकोन तेवढा उरलेला)
तीनदा फिरवला.
आल्यागेल्याची, रस्त्यावरच्या लोकांची,
टोपणवाल्याची.

ग्लेनिस तिथेच सिगारेट ओढत उभी.
हे काय म्हणून विचारलं.
दृष्ट सांगता येईना.
म्हटलं, इन्शुरन्स.
तिने सिगारेट विझवली,
बॉनेटला टेकून उभी राहिली.
"माझ्यावरूनही फिरव.
एकतीस तारखेला रिटायर होतेय.
कुणाला सांगितलं नाही अजून."

मी म्हणाले, "बरं झालं."
मराठीतच.
तिने मान डोलावली, समजल्यासारखी.
डब्याचं झाकण सैल होतं.
नदीकडून वारा आला
आणि आम्ही दोघी शिंकत राहिलो,
पिवळ्या होऊन,
बराच वेळ.